वेशीबाहेरचे

किल्ल्याला चार वेशी.
आमचं घर दक्षिण वेशीपासून ऐंशी पावलांवर,
खंदक ओलांडला की डाव्या हाताला,
न्हाणीघराचं सांडपाणी वळतं तिथे.
पुढे दुकान, मागे आम्ही,
आमच्याही मागे डुकरं.

बाप तिरंदाज. बार्सिमस.
कुठल्याशा उन्हाच्या देशातून
अख्खी पलटण चालवत आणली होती या चिखलात.
इथल्या धुक्यात धनुष्याची तात फुगते, ढिली पडते.
तो ती टोपीखाली केसांत गुंडाळून ठेवी,
राखेखाली निखारा जपावा तशी.

आई इथलीच, टेकडीपलीकडची. कुनोवेंदा.
जवाची दारू गाळायची. मापाला चोख, जिभेला तिखट.
उधारी लिहून ठेवायला अक्षर कुठलं?
दाराच्या चौकटीवर सुरीने खाचा पाडायची.
अर्ध्या पलटणीचं इमान त्या एका लाकडात.

लग्न? शिपायाला लग्न नसतं.
म्हणजे कायद्यात नसतं.
पहाटे, तुतारीच्या आधी, बाप उठायचा,
खिळ्यांचे जोडे हातात घ्यायचा
आणि अनवाणी वेशीतून आत जाऊन
पुन्हा एकटा व्हायचा.
तीन मुलांचा बाप,
वर्षानुवर्षं रोज सकाळी एकटा.

मला दोन नावं. बाप म्हणे मार्थी, आई म्हणे ब्रिका.
दोन्हींना ओ द्यायची मी.

“पंचवीस भरली की...” हे घरात
मिठासारखं होतं, सगळ्यात पडायचं.
पंचवीस भरली की गळकं छप्पर.
पंचवीस भरली की आई बायको.
पंचवीस भरली की आम्ही कुणीतरी.

भरली.
काशाचे दोन पत्रे आले, तळहाताएवढे,
तारेने एकमेकांना शिवलेले,
वर सात साक्षीदारांच्या मोहरा.
सातांतल्या एकानेही आम्हाला पाहिलं नव्हतं.
आई हात पुसत आली. कारकुनाने वाचलं:
बार्सिमस, सोआदूचा मुलगा.
(आजोबाचं नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.)
यापुढे रोमचा नागरिक.
आणि विवाहाचा हक्क, आज जी बायको असेल तिच्याशी,
एकाला एकच.
“एकच आहे म्हणावं,” आई म्हणाली, “तीही थकलेली.”
सगळे हसले. कारकूनही.

“आणि मुलं?” बापाने विचारलं.
पूर्वी मुलांची एक ओळ असायची.
शेजारच्या लंगड्या म्हाताऱ्याच्या पत्र्यावर आहे,
लहानपणी बोट फिरवलंय मी तिच्यावरून.
आता ती ओळ गाळली, कारकून म्हणाला.
“कधी?”
“वरून.”
मग जरा थांबून, जणू आमच्यावर दया म्हणून:
“यापुढे होतील ती रोमची.”
आईने केसांवरची ओढणी पुढे ओढली.
केस पांढरे झाले त्याला सात हिवाळे लोटले होते.

बापाला बोलता आलं नाही. त्याने टोपी काढली,
तात सोडवली, बोटाला गुंडाळली,
पुन्हा सोडवली.

आब्गर, माझा थोरला, दुसऱ्याच दिवशी वेशीवर गेला.
उंची मोजली, दात पाहिले, डाव्या गालावरचा व्रण लिहून घेतला.
पंचवीस वर्षं.
धाकट्याने वाट पाहिली मिशा फुटेपर्यंत, मग तोही.
मला कुणी मोजलं नाही.
मुलीला आत जायला वेस नाही,
तेल विकायला असेल तर असेल.

पत्रा चुलीवर खिळ्याला टांगला. दोन महिन्यांत काळा.
मी एका रात्री सुरी घेतली,
आईच्या खाचांच्या खाली, जागा सोडून,
तीन पाडल्या, खोल.
आईने सकाळी बोट लावून पाहिलं.
“हे कुणाचं येणं?”
“रोमकडून.”
“बुडीत,” ती म्हणाली, आणि घागर उचलली.
पण खाचा तासून टाकल्या नाहीत.

आब्गर आता दोन घरं सोडून झोपतो कधीकधी,
चांभाराच्या सेनूनाकडे. तिला दिवस गेलेत.
तुतारीच्या आधी मी जागी असते.
दव पडलेलं असतं, डुकरं गप्प,
आणि ओल्या वाटेवरून कुणीतरी
जोडे हातात घेऊन
वेशीकडे चाललेलं असतं.